मानेवरची हरवलेली लाट

१८९८ च्या सुमारास इंग्लंडमधल्या लँकाशायर परगण्यात, बर्नली गावातल्या एका बाईच्या मानेवरची लाट नाहीशी झाली. ऱ्हुमॅटिक तापामुळे तिच्या हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाली होती. तिचे डॉक्टर जेम्स मॅकेन्झी तिला १८८० पासून तपासत होते. आपल्या मानेत जी मोठी नीला असते, तिच्यात हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हलकी हालचाल होते. त्यातली एक छोटी लाट हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावतात तेव्हा उठते. मॅकेन्झी ही लाट कागदावर उतरवून ठेवत. एके दिवशी बाईची नाडी पूर्ण बेताल झालेली आढळली. त्यांनी नवा आलेख काढून पाहिला, तर ती लाट त्यात नव्हतीच. वरचे कप्पे आकुंचन पावताना अरुंद झडपेतून ऐकू येणारा विशिष्ट आवाजही थांबला होता. बाई जिवंत होती, हृदयाचे खालचे कप्पे काम करत होते, पण वरचे कप्पे काम करत असल्याची एकही खूण सापडेना.

आज ईसीजीची पट्टी हातात आली की दोन मिनिटांत आम्ही ज्याला ॲट्रियल फिब्रिलेशन म्हणतो, ते हेच. वरच्या कप्प्यांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विद्युत्संदेश उसळत असतात, त्यामुळे ते कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे एक चौकी असते, तिला एव्ही नोड म्हणतात. ती यातले बरेच संदेश अडवते आणि काही कसेही सोडते. म्हणून नाडीला ना ताल राहतो, ना ठरावीक वेग.

रायगडच्या किनाऱ्यावर सरकारी रुग्णालयात काम करताना अलीकडे एक प्रश्न वरचेवर समोर येतो. वडील किंवा आई सत्तरीच्या पुढची, ॲट्रियल फिब्रिलेशन पाच-सहा वर्षांचे जुने, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी ॲब्लेशनचा पर्याय सांगितलेला. करावे का? मुले मोबाइलवर काहीबाही वाचून आलेली असतात. कुणाला वाटते, जाळून टाकले की रोग कायमचा गेला. कुणाला वाटते, या वयात हृदयाला हात लावायचाच कशाला. मॅकेन्झींचे आयुष्य समजून घेतले तर या प्रश्नाकडे कसे पाहायचे ते बरेचसे कळते, म्हणून आज त्यांच्याविषयी.

त्यांचा जन्म १२ एप्रिल १८५३ चा, स्कॉटलंडमधल्या स्कोन गावाजवळच्या शेतकरी घरातला. शाळेत ते चमकले नाहीत. पाठांतराचा त्यांना कंटाळा होता. पंधराव्या वर्षाच्या आसपास शाळा सोडून ते पर्थ शहरात एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला लागले. तिथे काही वर्षे काढल्यावर डॉक्टर व्हायचे ठरवले आणि एडिंबरा विद्यापीठातून १८७८ साली पदवी घेतली. पुढच्याच वर्षी बर्नलीत दोन वडीलधाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात रुजू झाले. इथे त्यांनी अठ्ठावीस वर्षे काढली.

बर्नली म्हणजे मागांचे गाव. लँकाशायरचे कापड म्हटले की आपल्याला स्वदेशी चळवळीतल्या होळ्या आठवतात. ते कापड विणणारी माणसे मॅकेन्झींचे रुग्ण होती. दमट हवा, दाटीवाटीची घरे आणि ऱ्हुमॅटिक ताप. आमच्या किनाऱ्यावरची एक अख्खी पिढी मुंबईच्या गिरण्यांत राबली आणि १९८२ च्या संपानंतर गावी परतली. ते लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि आमच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेले असतात. बर्नलीचे वर्णन वाचताना मला ती माणसे दिसतात.

बर्नलीतल्या सुरुवातीच्या काळातच हृदयविकार असलेली एक तरुण स्त्री मॅकेन्झींच्या देखरेखीखाली बाळंत होत असताना अचानक दगावली. तिचे हृदय प्रसूतीचा ताण सोसणार नाही हे आधी कळायला हवे होते का, कळले असते तर काही करता आले असते का, हे त्यांनी पुस्तकांत शोधले. पुस्तकांत हृदयाच्या आवाजांची नावे होती, नाडीच्या प्रकारांची वर्णने होती. त्या माणसाचे पुढे काय होणार, हे कुठेच नव्हते. मग मॅकेन्झींनी एक साधा पण चिकाटीचा उद्योग सुरू केला. ज्याच्या हृदयात काही वेगळे आढळेल त्याची नोंद ठेवायची आणि तो माणूस वर्षानुवर्षे बघत राहायचा. लंडनच्या मोठ्या रुग्णालयातल्या प्राध्यापकांना हे जमणारे नव्हते. त्यांच्याकडे माणूस दोन आठवडे खाटेवर असे आणि मग निघून जाई. गावातल्या डॉक्टरला मात्र तीच बाई मुलीच्या बाळंतपणात, नवऱ्याच्या आजारपणात, बाजारात भेटत राहते. संशोधनाला लागणारे सर्वांत मौल्यवान साधन गावठी दवाखान्यातच आहे, हे ओळखणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

नाडी आणि मानेवरची नीला यांचे आलेख एकाच पट्टीवर, एकाच वेळी उतरले पाहिजेत, म्हणजे वरचा कप्पा आधी की खालचा हे कळेल. त्यासाठी त्यांनी १८९० च्या दशकात एक यंत्र रचले, पॉलिग्राफ. पुढे जवळच्या पॅडिहॅम गावातल्या शॉ नावाच्या घड्याळजीकडून त्याची सुधारलेली आवृत्ती करून घेतली. घड्याळाच्या चावीवर कागदाची पट्टी सरकायची आणि शाईच्या दोन टाकांनी दोन रेघा उमटायच्या. हे यंत्र पिशवीत टाकून मॅकेन्झी घरोघर जात. मरण पावलेल्या रुग्णांची हृदये, घरच्यांच्या संमतीने, ते लंडनला शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ यांच्याकडे पाठवत. आधी जिवंतपणीचा आलेख, मग हृदयातला बिघाड, असा सांधा जुळवायचा. याच कीथनी मार्टिन फ्लॅक या विद्यार्थ्याबरोबर १९०७ साली हृदयाचा नैसर्गिक ठोके-चालक, सायनस नोड, शोधला.

वर्षानुवर्षांच्या नोंदींमधून पहिले मोठे फळ मिळाले ते दिलासा देणारे होते. मधेच एखादा ठोका चुकतो असे ज्यांना वाटते, त्यांच्यात बहुतेक वेळा एक ठोका अवेळी आधी पडलेला असतो आणि त्यानंतर थोडी विश्रांती येते. त्या काळी अशा माणसांना अंथरुणात झोपवून ठेवत, खेळ बंद, लग्न बंद. मॅकेन्झींनी दाखवले की हृदय एरवी निरोगी असेल तर ही माणसे वीस-वीस वर्षे धडधाकट जगतात. त्यांच्या १९०२ च्या नाडीवरच्या ग्रंथात ताल बिघडण्याचे हे प्रकार वेगवेगळे करून मांडले आहेत. कोणता बेताल निरुपद्रवी आणि कोणता घातक, ही विभागणी त्यांच्यापासून सुरू झाली.

मग मानेवरची लाट हरवलेली ती बाई. तिची नाडी पुन्हा कधी तालावर आली नाही. असे आणखी रुग्ण सापडत गेले, त्यात म्हातारी माणसेही होती, ज्यांना झडपेचा आजार नव्हता. मॅकेन्झींचा पहिला निष्कर्ष असा की वरच्या कप्प्यांना लकवा झाला असावा. पण यातल्या काहींची हृदये मृत्यूनंतर उघडून पाहिली तेव्हा वरच्या कप्प्यांच्या भिंती जाड झालेल्या निघाल्या. लकवा झालेला स्नायू जाड कसा होईल? मग त्यांनी मत बदलले. ठोके आता वरून सुरू न होता मधल्या चौकीतून सुरू होत असावेत आणि म्हणून वरचे व खालचे कप्पे एकाच क्षणी आकुंचन पावत असावेत, असे त्यांना वाटले. हाही अंदाज चुकीचा ठरला.

१९०७ साली, चोपन्नाव्या वर्षी, बर्नलीतला जम बसलेला दवाखाना सोडून मॅकेन्झी लंडनला गेले. या वयात नव्या शहरात पाटी लावणे हे धाडसच होते. सुरुवातीला रुग्ण फिरकेनात. पुढच्याच वर्षी त्यांचा हृदयविकारांवरचा ग्रंथ आला आणि परिस्थिती पालटली. त्यांच्याभोवती तरुण डॉक्टर जमले, त्यात थॉमस लुइस होते. हॉलंडच्या आइन्थोव्हेन यांनी बनवलेले ईसीजी यंत्र नुकतेच इंग्लंडात आले होते. १९०९ साली लुइस यांनी त्यावर दाखवले, आणि व्हिएन्नात रॉथबर्गर व विंटरबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की या बेताल नाडीच्या माणसांत वरच्या कप्प्यांना ना लकवा असतो, ना ते खालच्यांबरोबर आकुंचन पावतात. ते थरथरत असतात. कुत्र्याच्या हृदयात विजेने घडवून आणलेली थरथर आणि माणसाची ही नाडी यांत साम्य असल्याचे आर्थर कुश्नी या औषधशास्त्रज्ञाने आधीच सुचवले होते. मॅकेन्झींनी हे स्वीकारले. त्यांनी शोधलेले दुखणे तेच राहिले, त्याचे स्पष्टीकरण मात्र त्यांच्या शिष्याचे लागू पडले.

स्पष्टीकरण चुकले तरी उपचार बरोबर सापडला होता, ही वैद्यकातली गंमत आहे. फॉक्सग्लोव्ह या झाडापासून मिळणारे डिजिटॅलिस विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली प्रसिद्धीला आणले होते. शंभर वर्षे ते कुठल्याही हृदयरोगाला दिले जाई. कुणाला गुण येई, कुणाला ओकाऱ्या. मॅकेन्झींच्या पट्ट्यांवरून दिसले की नाडी वेगवान आणि पूर्ण बेताल असलेल्यांमध्ये त्याचा गुण विलक्षण असतो. मिनिटाला दीडशेच्या घरात धावणारे हृदय ऐंशीवर येते, पायांची सूज उतरते, माणूस आडवा झोपू शकतो. ताल मात्र परत येत नाही. ताल न सुधारताही माणूस सुधारतो, हे त्यातून पहिल्यांदा नीट कळले. आजच्या भाषेत हा वेगनियंत्रणाचा उपचार. आता त्यासाठी बहुधा बीटा-ब्लॉकर गोळ्या देतात. डिजॉक्सिनची छोटी गोळीही अजून वापरात आहे. म्हाताऱ्या माणसाचे मूत्रपिंड मंदावलेले असेल तर ती शरीरात साठते आणि भूक जाणे, मळमळ, दृष्टी पिवळसर होणे असे सुरू होते. (आपल्याकडच्या कुंपणांवरच्या पिवळ्या कण्हेरीत, बिट्टीत, याच जातीचे विष असते. तिच्या बिया खाऊन आलेले रुग्ण कोकणातल्या कुठल्याही अपघात विभागाला नवे नाहीत.)

वेग आवरावा की ताल परत आणावा, हा वाद पुढे जवळजवळ शंभर वर्षे चालला. २००२ साली अमेरिकेतल्या ॲफर्म या चाचणीत ४,०६० रुग्णांवर दोन्ही मार्ग औषधांनीच तपासले गेले. ताल टिकवणाऱ्या औषधांनी आयुष्य वाढले नाही. मॅकेन्झींना याचे आश्चर्य वाटले नसते.

दरम्यान ताल दुरुस्त करण्याची एक नवी वाट निघाली होती. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरात मिशेल हेसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांवरून दाखवले की ही थरथर सुरू करणारे अवेळी ठोके बहुधा फुफ्फुसांतून डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या नीलांच्या तोंडाशी उगम पावतात. जांघेतून बारीक नळी नेऊन त्या तोंडांभोवती उष्णतेने, अतिशीत फुग्याने किंवा अलीकडे विजेच्या सूक्ष्म स्पंदांनी चट्ट्यांचे कडे काढायचे, म्हणजे संदेश आत येणार नाहीत. ॲब्लेशन ते हेच. दुखणे अधूनमधून झटक्यांनी येणारे असेल तर हे कडे चांगले काम करते, कारण तिथे बिघाड मुख्यतः ठिणगीत असतो. वर्षानुवर्षे सतत थरथरणाऱ्या हृदयात वरचा कप्पा ताणून मोठा झालेला असतो, त्याच्या भिंतीत तंतू भरलेले असतात. ठिणगी विझवली तरी रान पेटतच राहते. सलग एक वर्षाहून अधिक काळ चाललेल्या फिब्रिलेशनला आम्ही दीर्घकालीन म्हणतो, आणि तिथे यशाचे प्रमाण घटते. पुष्कळांना दुसऱ्यांदा प्रक्रिया करावी लागते. टू-डी इकोत डावा वरचा कप्पा किती मोठा आहे, हा आकडा म्हणूनच आधी विचारावा.

या विषयावरची सर्वांत मोठी चाचणी कबाना. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. २,२०४ रुग्ण, मधले वय ६८. ॲब्लेशन केलेल्यांत दुखणे परत येण्याचे प्रमाण औषधे घेणाऱ्यांच्या निम्म्यावर आले आणि रोजच्या जगण्याची प्रत सुधारली. मृत्यू, अपंग करणारा पक्षाघात, गंभीर रक्तस्राव आणि हृदय बंद पडणे यांची एकत्रित मोजदाद केली तेव्हा मात्र दोन गटांत खात्रीलायक फरक दिसला नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना या मोजदादीत काही लाभ आढळला नाही. दीर्घकालीन फिब्रिलेशनचे रुग्ण त्यात दहांत सुमारे एक एवढेच होते. दुसरीकडे, हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेल्या निवडक रुग्णांत, २०१८ च्या कासल-एएफ चाचणीत ॲब्लेशनने मृत्यू आणि रुग्णालयातले दाखले कमी झाले. त्यामुळे हृदय अशक्त झालेला आणि अशक्तपणाचे कारण बेताल वेगच असावा अशी शंका असलेला सत्तरीचा माणूस मी आवर्जून पुढे पाठवतो.

बाकीच्यांसाठी मॅकेन्झींचा प्रश्न उरतो. या दुखण्यामुळे हा माणूस काय करू शकत नाही? उत्तर वाटते तितके सोपे नसते. मुरूडकडचा एखादा वाडीवाला सांगतो, मला काही त्रास नाही. थोडे खोदून विचारले की कळते, माडावर चढणे केव्हाच सोडले, विहिरीपासून घरापर्यंत दोनदा थांबतो, आणि देवळाच्या पायऱ्या गेली तीन वर्षे चढलेला नाही. हे वयामुळे की फिब्रिलेशनमुळे? ते तपासायची एक जुनी पद्धत आहे. भूल देऊन विजेच्या धक्क्याने ताल तात्पुरता परत आणायचा आणि माणसाला महिनाभर जगू द्यायचे. तालात असताना तो विहिरीवरून न थांबता आला तर ॲब्लेशनने त्याला काही मिळण्याची शक्यता आहे. काहीच फरक वाटला नाही, तर कागदावरची रेघ सरळ करण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? मात्र या धक्क्याआधी किमान तीन आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे रक्त गोठू न देणारी गोळी एकही दिवस न चुकता घ्यावी लागते. नाहीतर साचलेली गुठळी सुटून मेंदूत जाते.

या गुठळीचा पूर्ण हिशेब मॅकेन्झींच्या हाती नव्हता. झडप खराब असलेल्यांत गुठळ्या होतात हे तेव्हाही ठाऊक होते. पण झडप चांगली असलेल्या म्हाताऱ्या माणसातही फिब्रिलेशनमुळे पक्षाघात होतो, याचे मोजमाप व्हायला १९७८ साल उजाडले. ते केले अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावाने. १९४८ पासून गावातले हजारो लोक तपासत, त्यांच्या नोंदी ठेवत राहिल्यावर आकडा निघाला. झडप चांगली असताना धोका पाचपटीहून अधिक, ऱ्हुमॅटिक झडप असेल तर सतरा पट. पद्धत बर्नलीचीच होती, फक्त माणसे जास्त आणि वर्षे जास्त.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. ॲब्लेशन झाले, ताल आला, आता रक्त पातळ करणारी गोळी बंद, असे पुष्कळ जण स्वतःच ठरवतात. गोळी चालू ठेवायची की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवर ठरते, ॲब्लेशनच्या यशावर नव्हे. सत्तरीच्या पुढच्या बहुतेकांना ती चालूच ठेवावी लागते. तेव्हा गोळीतून सुटका हे कारण असेल तर ॲब्लेशनला जाऊ नये. मायट्रल झडप बऱ्यापैकी अरुंद असलेल्यांना नव्या गोळ्या चालत नाहीत. त्यांना वॉरफरिन किंवा असेनोकुमेरॉल आणि नियमित आयएनआर तपासणी, याला पर्याय नाही. आयएनआरसाठी गावातून तालुक्याला दर महिन्याला यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. हे मला माहीत आहे, तरी सांगतो.

धोक्यांचे बोलायचे तर अनुभवी केंद्रात शंभरांत दोन-चार जणांना गंभीर गुंतागुंत होते. हृदयाभोवती रक्त साचणे, पक्षाघात, जांघेत रक्तस्राव. एक गुंतागुंत अतिशय दुर्मीळ, पण किनाऱ्यावरच्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. उष्णतेने केलेल्या चट्ट्यामुळे हृदय आणि त्याच्या मागची अन्ननलिका यांत भोक पडू शकते. प्रक्रियेनंतर पहिल्या दोनेक महिन्यांत ताप, गिळताना दुखणे, छातीत दुखणे किंवा अचानक बोलण्यात-हालचालीत बिघाड झाला तर गावात ॲसिडिटीची गोळी घेऊन बसू नये, एंडोस्कोपीही करून घेऊ नये. ज्या केंद्रात ॲब्लेशन झाले तिथे त्याच दिवशी फोन करावा. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात, श्रीवर्धनहून मुंबई तर एरवीही दूर. तातडी नसलेली प्रक्रिया असेल तर ती पावसाळा संपल्यावर ठेवा, असे मी सरळ सुचवतो. योजनेतून खर्च किती मिळतो, हेही रुग्णालयाच्या योजना-कक्षात लेखी विचारून मगच तारीख घ्यावी.

ॲब्लेशन या शब्दाखाली आणखी एक प्रक्रिया येते आणि घरचे लोक दोन्हींची गल्लत करतात. वय जास्त, थरथर जुनी, औषधांनी वेग आवरत नाही किंवा औषधांनी रक्तदाब फार उतरतो, अशा वेळी पेसमेकर बसवून मधली चौकी, एव्ही नोड, कायमची बंद करता येते. वरचे कप्पे थरथरत राहतात, गुठळीची गोळीही चालू राहते, पण खालचे हृदय पेसमेकरच्या तालावर शांत चालते. मागे फिरण्याची वाट मात्र राहत नाही, माणूस आयुष्यभर पेसमेकरवर अवलंबून होतो. ऐंशीच्या घरातल्या काही रुग्णांना याने फार बरे वाटते. ज्या चौकीवर मॅकेन्झींनी चुकून सगळा ठपका ठेवला होता, तिच्यावरच हा उपचार होतो.

आणि वजन, घोरणे, थायरॉईड, रक्तदाब, दारू. ॲडलेडमधल्या अभ्यासात, २०१५ साली, वजन दहा टक्क्यांहून अधिक घटवून टिकवणाऱ्या स्थूल रुग्णांत ताल टिकण्याची शक्यता इतरांच्या सहापट निघाली. आठवड्याच्या बाजारादिवशी थोडीच घेतो, असे सांगणाऱ्यांनाही ती थोडी सोडावीच लागेल. हे न करता केलेले ॲब्लेशन बऱ्याचदा दोन-तीन वर्षांत वाया जाते.

मॅकेन्झींकडे परत. १९१५ साली त्यांना सर हा किताब मिळाला आणि रॉयल सोसायटीने सदस्य करून घेतले. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक धाप आणि धडधडीमुळे हृदयरोगी म्हणून बाजूला काढले जात होते. हॅम्पस्टेडच्या लष्करी हृदय-रुग्णालयाच्या कामात मॅकेन्झी आणि लुइस यांनी दाखवले की यातल्या बहुतेकांच्या हृदयात काही रोग नाही. शिक्का मारणे सोपे, काढणे कठीण, याचा अनुभव त्यांना बर्नलीपासून होता. यंत्रांविषयी मात्र ते उत्तरोत्तर कडवे होत गेले. पॉलिग्राफने जे शिकायचे ते शिकून झाले, आता सामान्य डॉक्टरने ते बोटांनी ओळखावे, असे त्यांचे म्हणणे होते. ईसीजीबद्दलचा त्यांचा संशय मला पटत नाही. त्याच यंत्राने त्यांचे कोडे सोडवले होते. पण नाडीला हात न लावता थेट पट्टी मागणाऱ्या आजच्या पद्धतीवर त्यांची टीका लागू पडते. रक्तदाबाच्या घरगुती यंत्रावर बेताल ठोक्यांचे चिन्ह दिसले आणि मनगटावर तीस सेकंद बोट ठेवून ते खरे वाटले, तर पुढच्या ईसीजीला अर्थ येतो.

१९१८ साली, कारकीर्द ऐन भरात असताना, ते लंडन सोडून स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या छोट्या गावी गेले. तिथे गावातल्या डॉक्टरांना हाताशी घेऊन त्यांनी एक संस्था काढली. गावातल्या माणसांच्या अगदी पहिल्या, किरकोळ तक्रारींपासून नोंदी ठेवायच्या आणि कोणाचे पुढे काय होते ते वर्षानुवर्षे पाहायचे. पैसा कमी पडला, वेळ त्याहून कमी.

कारण त्यांचे स्वतःचे हृदय केव्हाच बिघडले होते. लंडनच्या पहिल्या वर्षांपासूनच त्यांना छातीत कळा येत होत्या. वेदना कधी येते, किती चालल्यावर येते, जेवणानंतर की थंडीत, हे सारे त्यांनी दुसऱ्या कुणाच्या रुग्णाविषयी लिहावे तसे टिपून ठेवले. १९२३ साली अंजायनावर पुस्तक लिहिले तेव्हा इतर रुग्णांच्या रांगेत आपलेही प्रकरण, नाव न देता, घातले. २६ जानेवारी १९२५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय ७१. आपले हृदय तपासले जावे अशी त्यांची इच्छा होती. ते काम त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या जॉन पार्किन्सन यांनी केले. हृदयाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या होत्या आणि स्नायूत जुन्या झटक्याचा व्रण होता, त्यांनी स्वतःच्या नोंदींत वर्षांपूर्वी लिहिलेल्या वेदनेशी जुळणारा. ते हृदय सेंट अँड्र्यूजला पाठवण्यात आले आणि तिथल्या विद्यापीठाने ते जपून ठेवले.